कॉलेजनं मुलींची टीम बंद केली म्हणून त्यांनी युनिफॉर्म जाळले, ४१ वर्षांनी त्याच कॉलेजनं त्यातल्याच एकीला कोच केलं

१९३२ सालची गोष्ट. अमेरिकेच्या दक्षिणेला मिसिसिपी नावाचं राज्य आहे. तिथं क्लीव्हलँड नावाचं एक छोटं गाव आहे. (ओहायोतलं मोठं क्लीव्हलँड शहर ते वेगळं.) या गावात डेल्टा स्टेट टीचर्स कॉलेज होतं. नावाप्रमाणं शिक्षक तयार करणारं कॉलेज. सुरू होऊन जेमतेम सात वर्षं झालेली. कॉलेजची मुलींची बास्केटबॉल टीम होती आणि ती जोरात खेळत होती.

एक दिवस कॉलेजनं सांगून टाकलं, मुलींची टीम बंद.

तो काळ महामंदीचा होता. पैसे नाहीत असं कारण दिलं असतं तरी चाललं असतं. पण कॉलेजनं दिलेलं कारण वेगळंच होतं. बास्केटबॉल हा फार दमवणारा खेळ आहे, तो तरुण मुलींना झेपणार नाही, असं कॉलेजचं म्हणणं होतं.

म्हणजे ज्या मुली तो खेळ रोज खेळत होत्या, जिंकत होत्या, त्यांनाच सांगितलं गेलं की तुम्हाला हे झेपत नाही.

मुली रडल्या, चिडल्या आणि शेवटी त्यांनी आपले युनिफॉर्म जाळून टाकले. त्यापलीकडं त्यांच्या हातात काहीच नव्हतं. कॉलेजचा निर्णय बदलला नाही. त्या दिवशी युनिफॉर्म जाळणाऱ्या मुलींमध्ये टीमची एक आघाडीची खेळाडू होती. तिचं नाव मार्गारेट वेड.

आज अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉल खेळणाऱ्या सर्वोत्तम मुलीला दरवर्षी जी ट्रॉफी मिळते, तिचं नाव आहे वेड ट्रॉफी.

हे कसं झालं, तेच आज बघू.

मुलींना झेपणार नाही, हे ठरवलं कुणी?

त्यासाठी थोडं मागं जावं लागेल. बास्केटबॉलचा जन्म १८९१ चा. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफिल्डमध्ये वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नायस्मिथ नावाचे शिक्षक होते. थंडीच्या दिवसांत पोरांना हॉलच्या आत खेळता येईल असा खेळ त्यांना हवा होता. त्यांनी पीच फळांच्या दोन टोपल्या वर टांगल्या आणि खेळ सुरू झाला.

पुढच्याच वर्षी जवळच्या स्मिथ कॉलेजमध्ये सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेनं हा खेळ मुलींना शिकवला. २२ मार्च १८९३ ला तिथं मुलींची पहिली कॉलेज मॅच झाली. पुरुषांना आत प्रवेश नव्हता. पण बेरेन्सन बाईंनी मुलींसाठी नियम बदलले होते. कोर्टाचे तीन भाग पाडले. ज्या मुलीला जो भाग दिला, तिनं तो ओलांडायचा नाही. दुसरीच्या हातातून बॉल हिसकायचा नाही. बॉल हातात तीन सेकंदांपेक्षा जास्त ठेवायचा नाही.

त्या काळातल्या पालकांना आणि डॉक्टरांना मुलींनी धावणंच मान्य नव्हतं. त्यामुळं या बदललेल्या नियमांमुळं निदान मुली मैदानात तरी आल्या. पण पुढं तोच विचार मुलींच्या पायातली बेडी झाला. १९२३ साली अमेरिकेत शारीरिक शिक्षणाच्या क्षेत्रातल्या महिलांची एक मोठी संघटना उभी राहिली. तिच्या प्रमुख होत्या लू हेन्री हूवर, म्हणजे पुढं राष्ट्राध्यक्ष झालेल्या हर्बर्ट हूवर यांच्या पत्नी. मुलींनी खेळावं, पण चुरशीच्या स्पर्धा नकोत, प्रवास नको, तिकीट लावून सामने नकोत, असं या संघटनेचं धोरण होतं. त्यानंतर अनेक कॉलेजांनी मुलींच्या आंतरकॉलेज टीम बंद करून टाकल्या. डेल्टा स्टेटचा निर्णयही याच लाटेतला.

आपल्याकडं, त्यातही अहिल्यानगरकरांना, हे झेपत नाही प्रकरण नवीन नाही. बोस्टनच्या मिशन संस्थेनं पाठवलेल्या सिंथिया फरार या शिक्षिका १८३९ पासून १८६२ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, तेव्हाच्या अहमदनगरमध्ये मुलींच्या शाळा चालवत होत्या. सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं ते नगरच्या याच फरार बाईंकडं. तेव्हा मुलींना अक्षरओळख झेपेल का, असा वाद होता. मिसिसिपीत नव्वदएक वर्षांनी वाद होता तो मुलींना पळणं झेपेल का याचा. दोन्हीकडं एक गोष्ट सारखी होती. ज्यांच्याबद्दल ठरवायचं, त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

गुडघा गेला, पण कोर्ट सुटलं नाही

मार्गारेटचा जन्म ३० डिसेंबर १९१२ चा, मिसिसिपीतल्या मॅककूल गावातला. वाढली क्लीव्हलँडमध्ये. हायस्कूलपासून ती बास्केटबॉल खेळायची. कॉलेजमध्ये तीन वर्षं खेळली आणि शेवटच्या वर्षात टीमच राहिली नाही.

१९३३ ला ती पदवीधर झाली. तेव्हा मुलींना खेळायला फार जागा नव्हत्या. टुपेलो रेड विंग्ज नावाची एक अर्धव्यावसायिक टीम होती, त्यात ती दोन वर्षं खेळली. मग गुडघा दुखावला आणि खेळाडू म्हणून तिचं करिअर संपलं.

खेळाडू म्हणून संपलेली बाई त्या काळी एकच करू शकत होती, ते म्हणजे शाळेत शिकवणं. मार्गारेट हायस्कूलची कोच झाली. आधी दोन छोट्या शाळांत आणि मग ती स्वतः जिथं शिकली त्या क्लीव्हलँड हायस्कूलमध्ये.

कॉलेजांनी मुलींची टीम बंद केली असली, तरी दक्षिणेतल्या खेड्यापाड्यांतल्या हायस्कूलमध्ये मुलींचं बास्केटबॉल जिवंत होतं. गावात संध्याकाळी दुसरी करमणूक नसायची, त्यामुळं मॅच बघायला सगळं गाव लोटायचं. अशा वातावरणात वेड बाईंनी सुमारे दोन दशकं हायस्कूलच्या मुलींना घडवलं. ४५३ मॅच जिंकल्या, ८९ हरल्या, ६ बरोबरीत सुटल्या. पाचातल्या चार मॅच जिंकायच्या, असं साधं गणित.

पण त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या मुली शाळा संपली की काय करायच्या?

काहीच नाही. कॉलेजला टीम नव्हती. सतरा-अठराव्या वर्षी त्यांचा खेळ संपायचा. वेड यांच्या बाबतीत जे १९३२ ला झालं, ते त्यांच्या प्रत्येक विद्यार्थिनीच्या बाबतीत दरवर्षी होत राहिलं. फक्त आता युनिफॉर्म जाळावा लागत नव्हता. कारण कॉलेजचा युनिफॉर्म मिळण्याचाच प्रश्न नव्हता.

१९५४ ला वेड यांनी कोचिंग थांबवलं. १९५९ ला त्या डेल्टा स्टेट कॉलेजमध्ये महिलांच्या शारीरिक शिक्षण विभागाच्या प्रमुख म्हणून रुजू झाल्या. हो, तेच कॉलेज. तिथं त्या मुलींना व्यायाम शिकवत होत्या, तास घेत होत्या, नव्या शिक्षिका तयार करत होत्या. पण मुलींची बास्केटबॉल टीम मात्र नव्हती. पुढची १४ वर्षं हे असंच चाललं.

वयाच्या साठीत दुसरी इनिंग

मग देशात वारं फिरलं. २३ जून १९७२ ला अमेरिकेत एक कायदा झाला. त्याला टायटल नाईन म्हणतात. मूळ कायदा अगदी छोटा आहे. केंद्र सरकारचे पैसे घेणाऱ्या कुठल्याही शिक्षणसंस्थेत स्त्री-पुरुष असा भेदभाव चालणार नाही, एवढंच तो सांगतो. त्यात खेळाचा शब्दही नव्हता. पण कॉलेजचं मैदान, कोच, शिष्यवृत्ती, प्रवासखर्च हे सगळं शिक्षणसंस्थेचाच भाग असल्यामुळं खेळही त्याच्या कक्षेत आला. हा कायदा झाला तेव्हा अख्ख्या अमेरिकेत हायस्कूलमध्ये खेळणाऱ्या मुलींची संख्या ३ लाखांच्या आत होती. आज ती ३० लाखांच्या वर आहे.

त्याच सुमारास महिलांच्या कॉलेज खेळांसाठी एआयएडब्ल्यू नावाची स्वतंत्र संघटना सुरू झाली. १९७२ ला तिनं मुलींची पहिली राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धा घेतली. आणखी एक मोठा बदल म्हणजे १९७१ पासून मुलींच्या खेळातले कोर्टाचे तुकडे गेले. आता पाच-पाच मुलींनी मुलांसारखंच पूर्ण कोर्टभर पळायचं होतं.

१९७३ मध्ये डेल्टा स्टेटचे अध्यक्ष ऑब्री लुकास यांनी मुलींची टीम पुन्हा सुरू करायचं ठरवलं. कोच म्हणून त्यांनी मार्गारेट वेड यांना विचारलं.

वेड तेव्हा साठ वर्षांच्या होत्या. कोचिंग सोडून १९ वर्षं झाली होती. दरम्यान खेळाचे नियम पार बदलले होते. आपल्याकडं या वयात लोक निवृत्तीचा सत्कार घेतात. वेड यांनी होकार दिला. टीम बंद झाल्याला तेव्हा ४१ वर्षं झाली होती.

पहिल्याच सिझनला टीमनं १६ मॅच जिंकल्या, हरल्या फक्त २.

सहा फूट तीन इंच आणि चार फूट अकरा इंच

वेड यांच्या टीमची सगळ्यात मोठी ताकद होती लुसिया हॅरिस. उंची सहा फूट तीन इंच. मिंटर सिटी नावाच्या खेड्यातली, शेतकऱ्याच्या घरातली, अकरा भावंडांपैकी दहावी.

लुसिया कृष्णवर्णीय होती. मिसिसिपी डेल्टा हा कापसाचा पट्टा. गुलामगिरी आणि नंतर वर्णभेद इथं सगळ्यात क्रूर रूपात दिसला. लुसियाचा जन्म १९५५ चा. त्याच वर्षी, त्याच भागात, एमेट टिल या १४ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचं अपहरण करून त्याची हत्या करण्यात आली आणि सगळी अमेरिका हादरली. डेल्टा स्टेटमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश मिळायला १९६० च्या दशकाचा उत्तरार्ध उजाडला. लुसिया आधी दुसऱ्या एका कॉलेजात जाणार होती, पण तिथं मुलींची टीमच नव्हती. डेल्टा स्टेटमध्ये नुकतीच सुरू झाली होती. म्हणून ती इकडं आली आणि टीममधली एकमेव कृष्णवर्णीय खेळाडू ठरली.

दुसरी महत्त्वाची खेळाडू होती डेबी ब्रॉक. उंची चार फूट अकरा इंच. बास्केटबॉलसाठी ही उंची म्हणजे जवळजवळ अपात्रताच. पण वेड यांनी बॉल पुढं नेण्याची आणि खेळ चालवण्याची जबाबदारी तिच्याकडं दिली. ब्रॉकनं बॉल आणायचा आणि बास्केटखाली उभ्या असलेल्या हॅरिसपर्यंत पोहोचवायचा. ऐकायला सोपं वाटतं. पण पुढच्या तीन वर्षांत मोजक्याच टीमना त्यावर उपाय सापडला.

१९७५ चा सिझन. २८ मॅच, २८ विजय. फायनलला समोर होती पेनसिल्व्हेनियातल्या इमॅक्युलाटा कॉलेजची टीम. आधीच्या तिन्ही राष्ट्रीय स्पर्धा याच टीमनं जिंकल्या होत्या. डेल्टा स्टेटनं त्यांना ९०-८१ असं हरवलं. हॅरिसनं एकटीनं ३२ पॉइंट काढले. टीम पुन्हा सुरू होऊन फक्त दोन वर्षं झाली होती आणि मिसिसिपीतलं एक छोटं कॉलेज देशाचं चॅम्पियन झालं होतं.

१९७६ ला पुन्हा तेच. सलग ५१ मॅच जिंकल्यावर इमॅक्युलाटानं ही मालिका तोडली. पण फायनलला दोन्ही टीम पुन्हा समोरासमोर आल्या आणि डेल्टा स्टेट ६९-६४ नं जिंकलं. १९७७ ला फायनलमध्ये लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीला ६८-५५ असं हरवून तिसरं विजेतेपद मिळालं. सलग तीन.

मधल्या काळात १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये महिलांचं बास्केटबॉल पहिल्यांदाच आलं. ऑलिंपिकच्या इतिहासात महिला बास्केटबॉलचा पहिला पॉइंट नोंदवला तो लुसिया हॅरिसनं. अमेरिकेला रौप्यपदक मिळालं. १९७७ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हॅरिसनं एका मॅचमध्ये ४७ पॉइंट काढले. त्याच वर्षी एनबीएच्या न्यू ऑर्लिन्स जॅझ या पुरुषांच्या टीमनं ड्राफ्टमध्ये तिची निवड केली. हॅरिसनं नकार दिला. तेव्हा ती गरोदर होती.

हॅरिसच्या चार वर्षांत डेल्टा स्टेटनं १०९ मॅच जिंकल्या आणि फक्त ६ हरल्या.

पण इथं एक गोष्ट बोचते. कॉलेज संपल्यावर हॅरिसनं कुठं खेळायचं, याचं उत्तर वेड यांच्याकडंही नव्हतं. टिकेल अशी व्यावसायिक लीगच महिलांसाठी नव्हती. हॅरिस थोडा काळ एका अल्पायुषी लीगमध्ये खेळली, मग ती आपल्याच जुन्या हायस्कूलमध्ये शिक्षिका आणि कोच झाली. म्हणजे चाळीस वर्षांपूर्वी वेड ज्या रस्त्यानं गेल्या, त्याच रस्त्यानं. फरक एवढाच की वेड यांचा खेळ कॉलेजनं मध्येच तोडला होता आणि हॅरिसला निदान कॉलेजची चारही वर्षं पूर्ण खेळायला मिळाली. २०२२ च्या जानेवारीत हॅरिसचं निधन झालं आणि दोनच महिन्यांनी तिच्यावरच्या माहितीपटाला ऑस्कर मिळालं. तेव्हा कुठं बऱ्याच लोकांना तिचं नाव कळलं.

सहा सिझन, १५७ विजय

१९७९ मध्ये वेड यांनी कोचिंगमधून निवृत्ती घेतली. तेव्हा त्या ६६ वर्षांच्या होत्या. कॉलेज कोच म्हणून त्यांनी एकूण सहाच सिझन काम केलं. हिशोब असा: १५७ विजय, २३ पराभव, ३ राष्ट्रीय विजेतेपदं.

आकड्यांच्या शर्यतीत त्या आज फार पुढं दिसणार नाहीत. टेनेसी युनिव्हर्सिटीच्या पॅट समिट यांनी ३८ वर्षांत १०९८ मॅच जिंकल्या आणि ८ राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. पण समिट यांनी कोचिंगला सुरुवात केली वयाच्या बाविसाव्या वर्षी, १९७४ ला. टायटल नाईन तेव्हा झालेला होता. वेड बावीस वर्षांच्या असताना कोच व्हायला मुलींची कॉलेज टीमच नव्हती. त्यांची चाळीस वर्षं वजा करून उरलेला हा हिशोब आहे.

आणखी एक गोष्ट. १९८२ पासून पुरुषांच्या कॉलेज खेळांचा कारभार बघणाऱ्या एनसीएए या श्रीमंत संघटनेनं महिलांच्या स्पर्धाही घ्यायला सुरुवात केली. एआयएडब्ल्यू बंद पडली. पैसा आला, टीव्ही आला, मोठ्या युनिव्हर्सिटी उतरल्या. डेल्टा स्टेट आणि इमॅक्युलाटासारख्या छोट्या कॉलेजांना देशाचं सर्वोच्च विजेतेपद जिंकणं आता शक्य राहिलं नाही. डेल्टा स्टेट दुसऱ्या श्रेणीत खेळू लागलं आणि तिथंही १९८९, १९९० आणि १९९२ ला चॅम्पियन झालं. एनसीएएच्या विजेत्यांची यादी मात्र १९८२ पासूनच सुरू होते. त्यामुळं वेड यांची तीन विजेतेपदं त्या यादीत सापडत नाहीत.

तरी त्यांचं नाव राहिलं. १९७८ पासून वेड ट्रॉफी द्यायला सुरुवात झाली. पहिली मानकरी होती माँटक्लेअर स्टेटची कॅरॉल ब्लेझेजोव्स्की. १९८५ मध्ये स्प्रिंगफिल्डच्या नायस्मिथ बास्केटबॉल हॉल ऑफ फेमनं पहिल्यांदाच महिलांना स्थान दिलं. त्या पहिल्या तीन महिलांमध्ये मार्गारेट वेड होत्या. दुसऱ्या होत्या ओक्लाहोमाच्या हायस्कूल कोच बर्था टीग. आणि तिसऱ्या सेंडा बेरेन्सन, ज्यांनी कोर्टाचे तीन तुकडे करून का होईना, पण मुलींच्या हातात पहिल्यांदा बॉल दिला होता.

१६ फेब्रुवारी १९९५ ला वयाच्या ८२ व्या वर्षी मार्गारेट वेड यांचं निधन झालं. डब्ल्यूएनबीए, म्हणजे महिलांची व्यावसायिक लीग, प्रत्यक्ष सुरू व्हायला तेव्हा दोन वर्षं बाकी होती. ती बघायचं त्यांच्या नशिबात नव्हतं.

आजही आपल्याकडं दहावी झाली की पोरीचे स्पोर्ट्स शूज माळ्यावर जातात. कारणं वेगवेगळी असतात. अभ्यास आहे, उशीर होतो, बाहेरगावी कशाला पाठवायचं, पुढं जाऊन काय करणार. बहुतेक वेळा त्यात वाईट हेतूही नसतो. १९३२ ला डेल्टा स्टेटमध्ये बसलेल्या मंडळींनाही आपण मुलींच्या भल्याचाच निर्णय घेतोय असंच वाटत असणार. त्यांचा निर्णय चुकीचा होता, हे सिद्ध व्हायला ४३ वर्षं आणि एक राष्ट्रीय विजेतेपद लागलं. आणि ते सिद्ध केलं, युनिफॉर्म जाळणाऱ्या मुलींपैकीच एकीनं, त्याच कॉलेजची टीम घेऊन.